सुताराच्या मुलाची गोष्ट

कासारवाडी स्टेशनामागे करीम मिस्त्रींचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. स्वतः चौथी नापास, पण लेकीला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं खूळ डोक्यात. भाऊबंद म्हणायचे, "मिस्त्री, पोरीला मडम करून देणार कुणाला?" मिस्त्री हसून पुन्हा पाना हातात घ्यायचे.

ताजुन्निसा रोज पुण्याला कॉलेजात जायची. संध्याकाळी अब्बा रॉकेलने हात धुवायला बसले की अभ्यासाची कादंबरी त्यांना सांगायची. शंभर वर्षांपूर्वीची, विलायतेतली. एक सुतार पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकवतो आणि मुलगा मोठा साहेब होतो. अब्बांचा त्या सुतारावर फार जीव. "माझ्यावानीच येडा हाय," म्हणायचे.

पुढे सुतार मुलाला भेटायला शहरात जातो, आणि मुलगा चारचौघांत ओळख दाखवत नाही. ते पान आलं तेव्हा अब्बांचे हात थांबले. "मंग?"

ताजूच्याने खरं सांगवेना. "मग काय, धावतच आला. सगळ्यांसमोर म्हणाला, हे माझे वडील."

अब्बांचे डोळे भरून आले. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतंय, असं ताजूला वाटलं.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत तिला इंग्रजीचं पहिलं बक्षीस मिळालं. समारंभ आटोपून मैत्रिणींबरोबर बाहेर पडते तर फाटकाशी अब्बा उभे! इस्त्रीचा सदरा, केसांना तेल, हातात पेढ्यांचा पुडा. नखांतलं ग्रीस मात्र तसंच.

वडिलांचा मोटारींचा मोठा धंदा आहे, असं ताजूने मैत्रिणींना सांगून ठेवलेलं.

"कोण गं हे?" दौलतराव वकिलांच्या मुलीने विचारलं.

अब्बा हसत लेकीच्या तोंडाकडे बघत होते. पुस्तकातल्या मुलाचं ते वाक्य आता त्यांना ऐकायचं होतं.

"आमचे मिस्त्री," ताजू म्हणाली. त्यापेक्षा जीभ झडली असती तर बरं!

अब्बांनी मान तुकवून पुडा पुढे केला. "व्हय बाईसाहेब. सायबांनी पेढे धाडलेत."

संध्याकाळी ते नेहमीसारखे हात धुवायला बसले. आज हाताला नवीन काहीच लागलेलं नव्हतं. ताजू समोर उभी राहून रडत होती.

"त्या पुस्तकातलं पोरगं काय म्हणलं व्हतं? खरं सांग."

"ओळख नाही दाखवली त्यानं, अब्बा."

अब्बांनी रॉकेलचा डबा बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "आदीच सांगायचं, बेटा. मी आलोच नसतो."

ताजू एम.ए. होईपर्यंत त्यांनी तिला काही कमी पडू दिलं नाही. गोष्ट मात्र पुन्हा कधी विचारली नाही.