थांबलेल्या पाण्यातली चाचणी

टण्‌! बशीवर चमचा आपटला आणि स्वयंपाकघरातली शांतता फुटली. सात वर्षांच्या लेकीने दूध पुढे सरकवलं. "आई, दुधालाही वास येतोय." वास खिडकीतून येत होता, तेलाचा. खाडीत जहाजाचं तेल सांडल्याला आज चौथा दिवस.

आई बंदराच्या सुरक्षा विभागात अधिकारी. जहाजाचं तेल सांडलं तर ते घेरायला पाण्यावर तरंगता पट्टा टाकतात. वर हवेची नळी, खाली पाण्यात लोंबणारी झालर. तो पट्टा तिनेच निवडला होता.

दोन पट्ट्यांची चाचणी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या सोयीने झाली. भरती पूर्ण, पाणी आरशासारखं. हलका पट्टा चौघांनी सहा मिनिटांत पसरला, टाळ्या पडल्या. खोल झालरीच्या जड पट्ट्याला वीस मिनिटं लागली. तो बाद!

"ताई, झालर वीतभरच आहे," बोटीवरचे म्हातारे नावाडीकाका म्हणाले होते. "ओहोटीला तेल खालून निसटेल."

"काका, आता तुम्ही आम्हाला पाणी शिकवणार?" तिचे साहेब हसले. तीही हसली होती.

तेल सांडलं ते नेमकं ओहोटीत. पट्टा झकास तरंगत राहिला आणि तेल खालून खाडीत गेलं. खेकडे मेले, जाळी डांबरासारखी झाली. काठावरच्या चाळीस घरांची खाडीच गेली.

आज अहवाल द्यायचा होता. साहेबांचा फोन आलाच. "'अनपेक्षित प्रवाह' एवढंच लिहा, मॅडम. विषय संपला."

ती धक्क्यावर गेली. काका चिखलातून एक पक्षी उचलत होते. त्याचे डोळेसुद्धा तेलाने मिटले होते.

"काका, तेल सांडलं त्या दिवशी पाण्याला ओढ जास्तच होती, नाही का?"

"रोजच्याएवढीच होती. दिवसातून दोनदा येते ती गोष्ट अनपेक्षित कशी हो, ताई?"

"खरं लिहिलं तर माझी नोकरी जाईल."

"जाईलही. पण हाच पट्टा अजून तीन धक्क्यांवर येतोय ना? तिथेही लेकरंबाळं राहतात."

किती सोपं होतं! चाचणीच्या दिवशी फक्त ओहोटीपर्यंत थांबायचं होतं! तिने तिथेच उभ्याने लिहिलं: 'चाचणी थांबलेल्या पाण्यात घेतली. निवड चुकली. सही माझी. बाकीच्या पट्ट्यांची मागणी रोखावी.'

मागणी रोखली गेली. संध्याकाळपर्यंत तिचं टेबलही रिकामं झालं. खाडी मात्र काळीच राहिली.

वाचकहो, आपण सगळेच कुठे ना कुठे सही करतो. ती करताना आपल्या सोयीची वेळ नको, संकटाची वेळ डोळ्यांपुढे असू द्या. आणि रोज त्या पाण्यात उतरणाऱ्याचं आधी ऐका.

घरी लेक टबापाशी बसली होती. पाण्यात तेलाचे थेंब, त्यांना अडवायला तरंगती स्ट्रॉ. तिने हाताने पाणी ढवळलं.

"आई, हे बघ! पाणी हललं की खालून जातंय." मग तिने मान वर केली. "तुम्ही हलवून नव्हतं का बघितलं?"