मेंदूचा गंज आणि पुरीमचा परीक्षक

मंगळवार, २ मार्च १९९९, सकाळचे दहा. भूल दिलेल्या वीस उंदरांच्या डोक्यावर ठरावीक जोराचा आघात करण्यात आला. त्यानंतर संशोधक विद्यार्थिनी ओफीराच्या मदतीने मी दहांना औषध टोचले व दहांना नुसता द्रव.

औषध म्हणजे गांजातल्या अर्काचे घरचे भावंड. मार बसला की मेंदू ते स्वतःच अधिक बनवू लागतो. लोखंडाला गंज चढावा तसा जखमी मेंदूला ऑक्सिजनच पोखरतो. हे द्रव्य तो गंज थोपवते, असे गंज मोजणारा माझा इलेक्ट्रोड महिनाभर सांगत होता. उंदरालाही ते पटते का, एवढेच पाहायचे उरले होते. ओफीराचा सारा प्रबंध त्यावर अवलंबून होता. बरोबर चोवीस तासांनी, कोणाला काय टोचले हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाने उंदरांना अरुंद पट्टीवर चालवायचे होते.

बुधवारी नऊ वाजता ओफीरा धापा टाकत आली. "पेरेत्सकाका, इमारतीत चिटपाखरू नाही!"

"आज पुरीम आहे, बाई. सोंगं घेऊन प्यायचा सण, कोण येणार कामावर?"

"तो काल झाला की!"

"तुझ्या हैफात. जुन्या तटबंदीच्या जेरुसलेममध्ये तो एक दिवस उशिरा, म्हणजे आज. कॅलेंडर हैफाचं आणि उंदीर जेरुसलेमचे, असा तुझा कारभार!"

तिचा चेहरा उतरला. "मग मीच गुण देऊ?"

"तुला गट ठाऊक आहेत. तू मायेनं गुण देशील."

मी परीक्षक डॉ. झेवुलून यांच्या घरी फोन लावला. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते राणी झालेत. मुकुट शोधतायत."

"प्यायलेत का?"

"अजून थेंबही नाही. पण पाहुणे दारात आहेत."

"बाटली लपवा आणि राणीसाहेबांना इकडे पाठवा!"

दहा वाजायला चार मिनिटे असताना जांभळा झगा, मुकुट आणि भरघोस दाढी आत आली. हातात खसखशीच्या करंज्यांचे ताट.

"दुष्ट हामान कोण नि सज्जन मर्दखय कोण, हे उमगेनासं होईपर्यंत आज प्यायचं असतं," ते गरजले, "आणि मला कोरडा ठेवलात!"

"राणीसाहेब," ओफीरा हसली, "या विसांत कोण कुठल्या गटातला, हे तुम्हाला न पिताही उमगणार नाही."

"मुकुट तेवढा काढा," मी म्हणालो. "चकाकीनं उंदीर बिचकतील."

शेवटचा उंदीर तपासून झाल्यावर मी गट उघड केले. ओफीराने राणीला मिठी मारली. झग्यावर खसखस सांडली.

पट्टी पार करणारे: औषध मिळालेल्या दहांपैकी आठ, न मिळालेल्या दहांपैकी तीन.