डावीकडचा पीळ

परक्या फौजेने आम्हाला जुन्या राजवटीतून सोडवलं म्हणे. आल्या आल्या त्यांनी एका कागदावर सही केली आणि आमचं अख्खं सैन्य घरी बसवलं. त्यात माझा दादाही होता. वीस वर्षं तो जवानांना सुरुंग निकामी करायला शिकवायचा. माझा नवरा त्याचाच चेला, त्याला उस्ताद म्हणायचा. नवऱ्याला त्या फौजेने रस्त्यांवरचे सुरुंग काढायच्या कामावर घेतलं. दादाला मात्र त्याचा हुद्दा आडवा आला. तेव्हापासून तो कुठे जातो, कुणाला भेटतो, हे मी कधी विचारलं नाही. भित्री होते, दुसरं काय.

त्या दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात इस्त्रीचा प्लग दुरुस्त करत बसला होता. दादा डावखुरा, तारेला पीळही डावीकडे देतो. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो रस्त्यावर पालथा पडून बोलत होता.

"सुरुंग सापडलाय. तारेचा पीळ डावीकडचा आहे. उस्तादला विचार, याच्या खाली दुसरा आहे का?"

मी विचारलं. दादाने मान वर केली नाही, मला काय माहीत म्हणाला.

"दादा, माझा संसार पडलाय त्या रस्त्यावर."

त्याने पक्कड खाली ठेवली आणि नेमकं कुठे ते विचारलं. शाळेच्या वळणापलीकडे, असं नवऱ्याने सांगितलं. दादा पांढराफटक पडला.

"तो माझा नाही. माझा वळणाच्या अलीकडे आहे. हा माझ्या कुठल्यातरी चेल्याचा. चाळीस जण घरी बसलेत, सगळे माझ्यासारखाच पीळ देतात. खाली काय आहे ते बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं."

म्हणजे नवऱ्याची गाडी दादाच्या सुरुंगाजवळूनच गेली होती आणि परतही तिथूनच येणार होती. तीच इस्त्री त्याच्या डोक्यात घालावी, इतका संताप आला मला. पण आधी फोन स्पीकरवर टाकून बोलले.

"हात लावू नका. मागेही फिरू नका. दादा येतोय."

मग नवरा कुजबुजला, "परक्या फौजेचा साहेब शेजारीच आहे. उस्तादला सांग, इथे आला तर परत जाता येणार नाही."

सांगायला वळले, तर दादा चपला घालून दारात उभा होता.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "तो प्लग लावू नकोस हं. अजून उघडाच आहे."