लडकूवर राहिलेले इंजिन

नवशा सुतारासारखी बैलगाडीची चाके मुरबाड तालुक्यात दुसऱ्या कोणी केली नाहीत. नवशाचा बारकू, बारकूचा लडकू आणि लडकूचा जीवन. या घराण्याच्या हाताला एक वळण होते. खुंटी ठोकताना ती कधी गच्च ठोकायची नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्याला जागा हवी.

लडकूने तोच हात लोखंडाला लावला. तानसाजवळच्या बागेच्या मालकीण चंद्रकलाबाई. १९९२ साली त्यांच्या जीपचे ऑइल बदलून त्याने ऑइल सोडायचा खालचा बोल्ट सवयीने ढिला ठेवला. वाटेत बोल्ट गळून पडला, ऑइल सांडले आणि इंजिन जाम झाले. बाई रागावल्या नाहीत. "एक इंजिन तुझ्यावर राहिलं," एवढेच म्हणाल्या.

नऊ वर्षे ते वाक्य लडकूच्या उरावर होते. आता सरळगावच्या फाट्यावर, जीवनच्या गॅरेजमागच्या पडवीत तो खाटेवर पडला होता. तीन दिवस पेजेचा घोट उतरला नव्हता. शुद्ध आली की एकच विचारी, "इंजिन दिलं का रे?"

आणि त्या दुपारी दोन वाजता फाट्यावर परदेशी बनावटीची एक उंच, काळी गाडी थांबली. मागच्या आसनावर चंद्रकलाबाई बसल्या होत्या.

"मागल्या महिन्यात कल्याणला इंजिनाचं वरचं काम केलं, तवापास्नं ऑइल गळतंय," ड्रायव्हर हरेश म्हणाला. "आता म्हनतात मागचं सील गेलं, अख्खं इंजिन उतरवायला लागंल. फोन केलाय. चारला ट्रक येऊन टोचन करून नेईल."

"मी बघू?" गॅरेजातून पुढे येत जीवन म्हणाला.

"तू लडकूचा ना?" बाई आतूनच म्हणाल्या. "मग हात लावू नकोस."

"बाई, ट्रक येईस्तोवर बघू द्या. बोल्ट तुमच्या म्होरं आवळीन."

"तुझ्या बापानेही आवळला होता."

जीवनची मान खाली गेली. "म्हनून तर मागतोय. आबा मागं पडवीत हाय. त्याला आता लय टाइम नाय. तुमचं इंजिन दिलं का, येवढंच इचारतो."

बाईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग म्हणाल्या, "चार वाजेपर्यंत."

इंजिन खालून ऑइलने माखले होते आणि थेंब मागूनच पडत होते. जीवनने ते रॉकेलने धुऊन कोरडे केले, सुरू केले. पुन्हा मागेच थेंब. दुसऱ्यांदा धुतले, तेच. तीन वाजले. पडवीतून खोकला ऐकू आला.

"सोड रे. कल्याणवाल्यांना नाय जमलं," हरेश म्हणाला.

जीवन धावत घरात गेला आणि बायकोपुढची तांदळाच्या पिठाची परात उचलून आणली. तिसऱ्यांदा धुतलेल्या कोरड्या इंजिनावर त्याने मुठीमुठीने पीठ भुरभुरले.

"भाकऱ्या भाजतोस काय त्याच्यावर?" हरेश म्हणाला.

इंजिन सुरू झाले. पांढरे पीठ सर्वांत आधी भिजले ते वर, मागच्या कोपऱ्यात, इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेला. तिथून काळी रेघ मागच्या अंगाने खाली उतरत गेली. खाली सीलजवळचे पीठ मात्र ती रेघ पोचेपर्यंत कोरडेच होते.

त्याने झाकण उघडले. खालचे बुचाचे पॅकिंग पापडासारखे चिरडून फाटले होते. कल्याणला कोणीतरी बोल्ट जोर लावून आवळले होते. जीवनने बुचाचा नवा तुकडा झाकणावर धरला, हातोडीने कडा ठोकत नवे पॅकिंग कापले. उरले बोल्ट.

इथे त्याचा हात अडला. बापाच्या लाजेने नऊ वर्षे त्याने प्रत्येक बोल्ट पिळून आवळला होता. तसाच आवळला तर हेही फाटणार. आजाची खुंटी त्याला आठवली. मधून बाहेर, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा फिरवत, पॅकिंग दबल्याचे हाताला कळले तिथेच तो थांबला.

"एवढंच? बापाचाच हात," बाई म्हणाल्या.

"हितं तोच पायजे, बाई."

ट्रक येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला थांबवून ठेवले. पुन्हा पीठ, पुन्हा इंजिन. अर्ध्या तासाने बाईंनी स्वतः वाकून झाकणाच्या कडेवरून बोट फिरवले. बोट पांढरेच निघाले. त्यांनी हाताने ट्रकला परत जायची खूण केली आणि काठी टेकत पडवीत गेल्या.

"लडकू," त्या खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्याकडून एक इंजिन यायचं होतं. तुझ्याच हाताने आवळलेलं, आज पोचलं. आता माझं तुझ्यावर काही नाही."

लडकूने जीवनच्या काळ्या-पांढऱ्या हातांकडे पाहिले आणि पेज मागितली.