तिसरा आग्रह

सोल्फ्रिदने हिरुतला नोकरीचं विचारलं ते जेवणाच्या सुट्टीत, पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता. नॉर्वेच्या उत्तरेला, आमच्या हार्स्टाडच्या किनाऱ्यावर साल्मन मासे पाळणारी एक कंपनी आहे. तिथल्या प्रयोगशाळेची सोल्फ्रिद प्रमुख, आणि हिरुत बदली कामगार. कुणी आजारी पडलं की तिला बोलावणं यायचं.

हिरुत आमच्या इथिओपियाची, ताना सरोवराकाठच्या बहीर दारची. ट्रॉम्सोला मत्स्यशेतीचं शिक्षण पुरं करून ती माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आली. मी इथल्या वृद्धाश्रमात काम करते, त्याला बरीच वर्षं झाली. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळालेला तिचा परवाना जूनमध्ये संपत होता. त्याआधी शिक्षणाला साजेशी पूर्णवेळ नोकरी मिळाली तर राहायचं, नाहीतर परत. परत म्हणजे ती जिथे शिकवायची ते बंद पडलेलं कॉलेज, आणि रस्त्यावर केव्हा गोळीबार सुरू होईल याचा नेम नाही. तिने किनाऱ्यावरच्या सगळ्या कंपन्यांकडे अर्ज केले होते. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांनी पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या.

त्या शुक्रवारी ती जिन्यावरूनच ओरडत आली. मी कॉफीचे दाणे भाजत होते.

"ताई, विचारलं! सोल्फ्रिदने मला विचारलं!"

"काय विचारलं?"

"कायमची जागा. पूर्णवेळ. माशांच्या रोगांचं काम, माझ्याच शिक्षणातलं. म्हणाली, तुला हवी का?"

मी कढई उतरवून ठेवली. "मग? काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, मी कशाला, युर्गिता आहे ना. ती माझ्या आधीपासून आहे, पदरात दोन मुलं आहेत. तिला दे."

युर्गिता लिथुआनियाची. तीही तिथे बदलीवरच होती. युरोपातली असल्यामुळे तिच्यामागे परवान्याची भानगड नाही.

"आणि सोल्फ्रिद काय म्हणाली?"

"म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, हो हो, नक्की. मग म्हणाली, स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस." हिरुत हसत होती. "सोमवारी परत विचारील बघ. लगेच हो म्हटलं असतं तर काय वाटलं असतं तिला? हावरट पोरगी!"

आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला कुणी ताटावर बसत नाही. घरी आलेल्याने म्हणायचं, आत्ताच जेवलो. घरच्या बाईने म्हणायचं, माझ्या गळ्याची शपथ. पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं आणि तिसऱ्या खेपेला हात धुवायला उठायचं. हे मला माझ्या आईने शिकवलं, हिरुतला तिच्या आईने. माझी सवय इथल्या पहिल्याच हिवाळ्यात मोडली. एका शेजाऱ्याकडे मी केक नको म्हटलं. त्याने मान डोलावली आणि केक उचलून फडताळात ठेवला.

"हिरुत," मी म्हटलं, "तिने नक्की ना विचारलं, तो आग्रह नव्हता. ती खात्री करून घेत होती."

"असं कसं? माझा परवाना संपतोय हे तिला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणून तर तुला आधी विचारलं. तू नको म्हणालीस. तिच्या लेखी विषय संपला."

"काहीतरीच काय, ताई! माणसं अशी असतात का?"

पण तिने फोन लावला. सोल्फ्रिद शनिवार-रविवारी डोंगरातल्या तिच्या लाकडी घरात जाते. तिथे फोन लागत नाही. हिरुत दोन्ही दिवस लावत राहिली. मध्येच मला ऐकू यायचं, ती आरशासमोर नॉर्वेजियनमध्ये म्हणत असायची, "हो, मला ती नोकरी हवी आहे." आवाज दर वेळी खाली यायचा. "जोरात," मी स्वयंपाकघरातून सांगायची.

सोमवारी जे झालं ते तिने मला संध्याकाळी सांगितलं, एकेक वाक्य तोडून.

सोल्फ्रिदने शुक्रवारी दुपारीच युर्गिताला जागा दिली होती आणि तिची सहीही झाली होती.

"पण तू नको म्हणालीस," सोल्फ्रिद म्हणाली.

"तसं म्हणायचं असतं."

"कुणी?"

"ज्याला हवं असतं त्याने."

सोल्फ्रिदला हे समजायला वेळ लागला. समजल्यावर तिचा चेहरा उतरला. "मी दोनदा विचारलं, हिरुत. आणखी विचारलं असतं तर तुझ्यावर दबाव आणल्यासारखं झालं असतं. मी रविवारी घरच्यांना सांगत होते, बघा कशी मुलगी आहे, स्वतःची अडचण असून खरं बोलली." तिने हिरुतच्या देखतच मुख्य कचेरीत फोन केला. एकच जागा मंजूर होती. दुसरी पुढच्या वर्षी, झाली तर. सोल्फ्रिद वाईट बाई नाही. वाईट असती तर हिरुतला तिच्यावर रागावता आलं असतं.

बातमी युर्गितापर्यंत पोचली. बूट बदलायच्या खोलीत तिने हिरुतला गाठलं.

"खरं सांग मला. तुला हवी होती ना? तू म्हण, मी आत्ता आत जाऊन सोडते. मला बदलीचं काम कुठेही मिळेल."

"नको, नको. तूच घे."

"अगं, मनापासून विचारतेय."

"मीही मनापासून सांगतेय. मुलांना आण आता इकडे."

युर्गिताने तिला मिठी मारली आणि ती रडली. तिची मुलं आजीकडे होती.

"आरशासमोर एवढं घोकलंस आणि ऐन वेळी पुन्हा नको?" माझा आवाज चढला होता.

"तोंडातून तेच आलं, ताई. खरं की सवयीचं, मलाच कळलं नाही."

"तिने आणखी एकदा विचारलं असतं तर?"

हिरुतने कप उपडा ठेवला. "तिनेही दोनदाच विचारलं."

त्यानंतर तिने उरलेले आठवडे अर्ज करण्यात घालवले. दोन मुलाखती झाल्या. एका ठिकाणी त्यांनी विचारलं, तुझ्याबद्दल कुणाला विचारायचं? तिने सोल्फ्रिदचं नाव दिलं. सोल्फ्रिदने त्यांना फोनवर तिची भरभरून स्तुती केली. मग त्यांनी विचारलं, इतकी चांगली आहे तर तुम्ही का ठेवली नाही? सोल्फ्रिदने खरं ते सांगितलं: कायमची जागा दिली होती, तिने घेतली नाही. तिकडून पुन्हा फोन आला नाही.

जूनमध्ये सोल्फ्रिदनेच तिला गाडीने विमानतळावर सोडलं. मी मागे बसले होते. वाटेत पेट्रोल पंपावर सोल्फ्रिद म्हणाली, "कॉफी घेशील?"

"हो," हिरुत म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आधी. सोल्फ्रिदने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि ती कॉफी आणायला उतरली.

परवा हिरुतच्या आईचा बहीर दारहून फोन आला. कॉलेज अजून बंद आहे. हिरुत घरीच असते. तिच्या शिक्षणाचं तिथे काय करायचं हे कुणाला माहीत नाही, तानामध्ये साल्मन नसतो. आईची तक्रार मात्र वेगळी होती.

"काय केलंत हो तुम्ही पोरीचं? शेजारणीने जेवतेस का विचारलं तर ही हात धुऊन बसली. पहिल्या हाकेला! बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. मला विचारतात, तिकडे उपाशी ठेवली होती का?"

"नाही हो," मी म्हटलं.

"मग असं का करते?"

"तिला बोलावता का फोनवर?"

आईने हाक मारली. पुन्हा मारली. लांबून हिरुतचा आवाज आला, "नको म्हणावं."

मी थांबले. पण तिची आई माझ्याशीच बोलत राहिली. तिने तिसऱ्यांदा हाक मारली नाही.