गावभर कुलपं उघडली तेव्हा

युद्धात पूल उडाला होता, ॲम्ब्युलन्स नदीच्या पलीकडे अडकली होती आणि यारिनाच्या कळा महिनाभर आधीच सुरू झाल्या होत्या. मोत्र्याने दवाखान्यातली बाळंतपणाची खोली उघडली, तर आत खिडकीच्या काचेवर बर्फ. वीज सकाळीच गेली होती. गावात मूलच जन्माला येईना, म्हणून खोली बंद केलेली. कमी दिवसांच्या बाळाला ऊब देणारी काचेची पेटीसुद्धा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली, असं सगळे म्हणत. तरणे आघाडीवर, तरण्या पोलंडात. गावाला सवय राहिली होती ती फक्त मयतांची.

मोत्र्या सुईण होती आणि तिचे हात नुसते शिवशिवत होते. भीती वाटत होतीच. असल्या गारठ्यात महिनाभर आधी आलेलं बाळ जगवायचं कसं? पण आनंद त्याहून मोठा होता. तो लपवायचं तिला सुचलंही नाही. चूल पेटवताना ती चक्क गुणगुणत होती.

यारिनाच्या सासूने, यावदोखाआजीने, सुनेची वेणी सोडली, स्वतःच्या डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली आणि कंबर कसली.

"बाळंतीण अडली की गावात एक गाठ, एक कुलूप बंद ठेवायचं नाही. माझा ओस्ताप जन्मला तेव्हा माझ्या आईनं असंच केलं होतं."

"आजी, त्यापेक्षा लाकडं आणा. कुलपं उघडून बाळं होत असती, तर मी किल्ल्याच नसत्या का विकल्या?"

"तू तुझं बघ गं. ओस्ताप तिकडं खंदकात बसलाय, त्याला मी काय तोंड दाखवू? मी माझं करते."

आणि म्हातारी निघाली. पोस्टातली सोलोमिया हातोडी घेऊन मागे, तिच्या मागे शेजारणी. यारिनाची पाठ चोळता चोळता मोत्र्या चुलीच्या उबेने बर्फ वितळलेल्या खिडकीतून बघत होती. तळघरं उघडली, पेट्या उघडल्या, पाद्र्याला उठवून चर्चमधलं वेदीचं दारही उघडायला लावलं. रस्त्यावर इतकी माणसं तिने कैक दिवसांत पाहिली नव्हती, आणि तीही हसणारी.

समोरच पानासकाकाचं अंगण. काका खुराड्याच्या दारात हात पसरून उभा होता.

"हे नाही उघडायचं. पिल्लं आहेत आत, गारठतील."

"पिल्लं गारठतील, आणि माझं नातवंड?" आजीने त्याला बाजूला सारलं. "खुराड्यामागं जनरेटर घुरघुरतोय तो कशाला रे? कोंबडं झाकलंस म्हणून उजाडायचं राहतं का?"

सोलोमियाने एका घावात कुलूप तोडलं. सगळ्या आत शिरल्या. मग आजीचा आवाज रस्ता ओलांडून आला.

"मोत्र्या, तुझी काचेची पेटी इथं आहे गं!"

पेटी ढकलगाडीवरून आली, जनरेटर तिच्या मागून. आणि सगळ्यांच्या मागून, कोटात चिवचिवणारी पिल्लं कोंबून, मान खाली घालून पानास.

"न्यायला आलेल्या ट्रकवाल्याला दारूची बाटली देऊन मीच ठेवून घेतली," तो म्हणाला. "मला वाटलं, इथं आता कोण जन्मतंय. निदान पिल्लं तरी जन्मू देत."

मोत्र्याला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण पेटी चालू स्थितीत होती, आत अजून ऊब होती. त्या मूर्खाने ती नीट राखली होती.

"काका, थप्पड उधार राहिली. तुमची घरची दारू आणा, पेटी पुसून जंतू मारायचेत."

"ती प्यायची आहे."

"काका."

आणली. पेटी आतून-बाहेरून पुसून होते न होते, तोच बाळ आलं. मुलगी. मूठभर, निळसर, आणि गप्प. मोत्र्याने तिचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. यारिना विचारत होती, "रडत का नाही? ताई, रडत का नाही?" मोत्र्या चोळत राहिली.

मग पोरगी शिंकली, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. मोत्र्या स्वतःही रडत होती. तिने पोरीला पेटीत ठेवलं. हळूहळू रंग गुलाबी झाला. बाहेर ओसरीत आजीने पानासलाच मिठी मारली होती, आणि कोटातली पिल्लं कलकलाट करत होती.

मोत्र्या हात धुवायला बाहेर आली तेव्हा सोलोमियाने तिला कोपऱ्यात ओढलं. पोट दिसेपर्यंत इकडे कुणी बोलत नाही, दृष्ट लागते. म्हणून ती अगदी कानाशी बोलली.

"ताई, मला तिसरा महिना चाललाय. गुरुवारची बस आहे, पोलंडची." तिने दारातून पेटीकडे बोट केलं. "ही पेटी आता इथंच राहील?"

"राहील. आणि मीपण राहीन."

"मग बसवाल्याला नाही म्हणून कळवते," सोलोमिया म्हणाली, आणि फोनला रेंज मिळते का बघायला अंगणात गेली.