आत्याचा कोरस

माझी आत्या लग्नाआधी हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गायची. म्हणजे कोरसमध्ये. नायिका गात निघाली की मागे दहाबारा मैत्रिणी कुठूनशा उगवतात, त्यांचा आवाज. आजोबांनी परवानगी दिली, कारण कोरसमध्ये मुलीचा चेहरा दिसत नाही आणि आवाज ओळखू येत नाही. बदनामी व्हायला वावच नाही.

लग्नानंतर ते सुटलं. सत्तरीत यजमान गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली. दिवसभर खिडकीपाशी गप्प बसायची. बाबांना ते बघवेना. गल्लीतले दाताचे डॉक्टर दर रविवारी दवाखान्यातच जुन्या गाण्यांची मैफल भरवत. बाबा तिला तिथे घेऊन गेले.

"आमची ताई खुद्द त्या गाण्यांत गायलीये," त्यांनी जाहीर करून टाकलं.

डॉक्टर हरखले. त्यांनी आत्याच्या हातात माइक दिला आणि तिच्याच काळातलं गाणं लावलं. यंत्रातून वाद्यं सुरू झाली, पडद्यावर शब्द सरकू लागले.

"ताई, शब्द समोर आहेत," डॉक्टर हळूच म्हणाले.

"दिसतायत."

"मग?"

"ते माझे नाहीत."

मुखडा तसाच निघून गेला. मग आत्या जरा मागे सरकली, डोळे मिटले आणि नेमक्या जागी "आ" लावला. दवाखान्यातली कुजबुज थांबली. तेवढी ओळ झाल्यावर तिनं तोंड मिटलं आणि उरलेलं गाणं संपेपर्यंत शिस्तीत उभी राहिली.

त्या दिवसापासून सगळ्यांना आत्या मागे हवी झाली. ती असली की बेसूर माणूसही सुराच्या आसपास यायचा. तिच्यावरून निवृत्त बँक मॅनेजर आणि ब्युटी पार्लरवाल्या बाईंमध्ये अबोला झाला. आत्या दोन घास जास्त जेवू लागली.

पुढे डॉक्टरांनी शाळेचं सभागृह घेऊन कार्यक्रम ठेवला. गाणी तोंडपाठ आहेत म्हणून पडदा नको म्हणाले. दुसऱ्या अंतऱ्याला शब्द गेले. वाद्यं वाजत राहिली आणि डॉक्टर आ वासून उभे. एरवी लोकांना ते ज्या अवस्थेत बसवतात, अगदी तसे.

बाबा पहिल्या रांगेतून हातवारे करू लागले. "ताई, घे! तू घे!"

आत्यानं घेतलं नाही. मागे उभ्या उभ्या ती नुसती चाल गुणगुणत राहिली, न थांबता, न पुढे येता. डॉक्टरांनी वळून पाहिलं. तिनं मान डोलावली. पुढच्या ओळीला त्यांचे शब्द परत आले.

घरी बाबा भडकले. "तुला येत नव्हते शब्द?"

"येत होते की."

"मग? आयुष्यात एकदा पुढे यायची संधी आली होती!"

"अरे, मी गायला लागले असते तर त्यांनी परत यायचं कुठे?"

बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी माइक मॅनेजरांना दिला आणि स्वतः आत्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मला कोरस शिकवाल?"

"शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे," आत्या म्हणाली. "नाही आला, तर आपला जास्त होतोय."

डॉक्टर तासभर इतक्या हळू गायले, की शेवटी मॅनेजरांनी त्यांना तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.